पसंतीक्रम

वाळपईत, मामलेदार कचेरीच्या उतारावर माझे झेरॉक्सचे दुकान.
पान दोन रुपये, ऑनलाइन अर्ज पन्नास,
डॉक्टरकीचा शंभर,
कारण त्यात मधून मधून रडणे असते, त्याचा वेळ धरावा लागतो.

फेब्रुवारीत आली तेजल माजिक, ठाण्याची.
ठाणे म्हणजे आमच्या सत्तरीतले. अर्जातल्या यादीला ते पटेना,
सारखी मुंबईशेजारी नेऊन ठेवी तिला.
फोटोत कान दिसले पाहिजेत. दिसत होते.
मागे पांढरे पाहिजे. शेजारच्या भजीवाल्याने चादर धरली.
अंगठा मात्र उठेना.
चार वेळा शाई, चार वेळा स्कॅन,
कागदावर नुसता निळा डाग, रेघ म्हणून नाही.
"काजू," म्हणाली ती, आणि हात मागे घेतला.
बिया भाजून फोडता फोडता
तेलाने सालच गेली होती बोटांची.
"आठ दिवस हात लावू नकोस बियांना,"
मी म्हटले, जसा काही मीच डॉक्टर.
नवव्या दिवशी अंगठा उठला.

मग नाव. आधारवर माजिक, शाळेत माजिक,
जन्मदाखल्यावर इंग्रजीत कुणा कारकुनाने
जे-च्या जागी जी, के-च्या जागी सी घालून
पोरीची जादू करून ठेवलेली.
नोटरीकडे प्रतिज्ञापत्र: ह्या दोघी
एकच व्यक्ती आहेत.
तिने ते दोनदा वाचले. मग विचारले,
"हे कधीपर्यंत चालते?"

जुलैत पसंतीक्रम.
वीज दोनदा गेली, इन्व्हर्टर कण्हत होता.
ओटीपी बापाच्या मोबाइलवर,
बाप बागायतीत, तिथे रेंज नाही.
सड्यावर चढून, वाऱ्यात, तो एकेक आकडा
तराजूत टाकावा तसा टाकत होता:
चार... शून्य... "आयकूं येता मगे?"... नऊ...
शेवटचा पोचेपर्यंत मुदत संपली.
तिसऱ्या खेपेला तो सहाही आकडे एका श्वासात ओरडला
आणि आम्ही आत गेलो.

मी न पाहिलेली गावे माउसने वर-खाली करत होतो.
"सिलचर कुठे आले?"
"लांब. कदंबा जात नाही."
"असू दे तरी. खाली ठेवा."
पहिला क्रमांक तिने विचार न करता सांगितला: बांबोळी.

आमच्याकडे "बांबोळीला नेले" म्हटले
की पुढचे कुणी विचारत नाही, चपला शोधतात.
माझ्या आईला नेले, पहाटे.
होंड्याच्या वळणावर ती म्हणाली, दिवा बंद कर, डोळ्यांत जातो.
मग एकोणीस रात्री मी तिथल्या व्हरांड्यात
चपला उशाशी घेऊन झोपलो.
त्या शब्दापुढे कधी पसंती म्हणून आकडा घालीन
असे वाटले नव्हते.
घातला. एक.

"लॉक करू? मग बदलता येत नाही."
ती बटणाकडे बघत राहिली.
बाहेरून कुणी ओरडले, आधार, दोन्ही बाजू, दोन प्रती.
काढून दिल्या. सुटे दिले.
परत येतो तर पान बंद पडलेले, वेळ संपली म्हणून,
आणि पुन्हा ओटीपी.
तिने घाबरत फोन लावला.
बाप सड्यावरून उतरलाच नव्हता.
"हांव हांगाच आसां," म्हणाला. "सांग, कितें जाय?"

लॉक तिनेच केले.
छापताना शाईने दगा दिला, पहिली प्रत फिकी आली,
ती राहिली माझ्याकडे.
यादी अजून लागलेली नाही.
कागदाच्या पाठीवर मी रोजचा हिशेब मांडतो,
लॅमिनेशन चाळीस, रंगीत तीन,
उधारी: भजीवाला.
उजेडाला धरला की आकड्यांच्या मागून
उलटी बांबोळी दिसते.
भरला की टाकून देईन.
अजून अर्धा कोरा आहे.